खिशातला ठराव : जॉर्ज नॉरिस यांची चाळीस वर्षं

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या खालोखाल सत्ता कुणाच्या हाती होती, असं विचारलं असतं तर बहुतेकांनी एकच नाव घेतलं असतं : जोसेफ कॅनन. इलिनॉय राज्यातून निवडून आलेले, तोंडात कायम चिरूट, 'अंकल जो' म्हणून ओळखले जाणारे कॅनन १९०३पासून प्रतिनिधिगृहाचे सभापती होते. कोणत्या खासदाराला कोणती समिती मिळणार आणि तिचा अध्यक्ष कोण होणार, हे तेच ठरवत. कोणतं विधेयक कधी आणि कोणत्या अटींवर चर्चेला घ्यायचं, हे ठरवणारी नियम समिती पाच जणांची होती. तिचे अध्यक्ष कॅनन, आणि उरलेल्या चौघांना नेमणारेही कॅननच. सभागृहात बोलायची संधी कुणाला द्यायची, हेही त्यांच्या मर्जीवर. बहुसंख्य सभासदांना हवं असलेलं विधेयकसुद्धा मतदानापर्यंत पोचेल याची खात्री नसे.

ही व्यवस्था मोडली ती कॅनन यांच्याच रिपब्लिकन पक्षातल्या एका अबोल वकिलानं. नेब्रास्काच्या कोरड्या माळरानातून आलेले जॉर्ज विल्यम नॉरिस १९०३ ते १९४३ अशी सलग चाळीस वर्षं वॉशिंग्टनमध्ये होते. पहिली दहा प्रतिनिधिगृहात, पुढची तीस सिनेटमध्ये. ते राष्ट्राध्यक्ष झाले नाहीत, मंत्रीही झाले नाहीत. तरीही अमेरिकेच्या राज्यघटनेतली एक दुरुस्ती, टेनेसी खोऱ्यातली धरणं, कामगारांच्या हक्काचा एक मूलभूत कायदा आणि नेब्रास्काचं जगावेगळं विधिमंडळ, या सगळ्यांवर त्यांचा हात फिरलेला आहे. सत्ता माणसांपेक्षा नियमांत मुरलेली असते आणि अन्याय दूर करायचा तर त्या नियमांनाच हात घालावा लागतो, हे त्यांच्या आयुष्याचं सूत्र होतं.

दुष्काळातलं न्यायासन

नॉरिस यांचा जन्म ११ जुलै १८६१चा, ओहायो राज्यातल्या सँडस्की काउंटीतला. शेतकऱ्याचं घर, बारा भावंडं आणि त्यांत हे अकरावे. १८६४ या एकाच वर्षात थोरला भाऊ यादवी युद्धात जखमी होऊन गेला आणि पाठोपाठ वडीलही गेले. शेतीचा गाडा आईनं आणि बहिणींनी ओढला. त्यांच्याबरोबर राबत, मधूनमधून शाळेत शिकवत नॉरिस यांनी शिक्षण पुरं केलं आणि १८८३मध्ये इंडियानातल्या एका महाविद्यालयातून कायद्याची पदवी मिळवली. दोन वर्षांनी ते नेब्रास्कात आले आणि बीव्हर सिटी या लहानशा गावात त्यांनी वकिली थाटली.

त्या काळच्या नेब्रास्कात रेल्वे कंपनी म्हणजे सर्वेसर्वा. शेतमालाचं भाडं तीच ठरवायची, आणि गावोगावच्या वकिलांना व पुढाऱ्यांना फुकट प्रवासाचे पास वाटून आपलंसं करायची. नॉरिस यांनीही सुरुवातीला रेल्वेचे स्थानिक वकील म्हणून काम केलं. ते जन्मजात बंडखोर नव्हते. पक्षावर निष्ठा ठेवणारे आणि व्यवस्थेवर विश्वास असलेले गृहस्थ होते. त्यांचे डोळे उघडले ते १८९०च्या दशकातल्या दुष्काळानं.

पाऊस सलग दगा देत होता, धान्याचे भाव कोसळले होते, आणि कर्ज काढून जमीन घेतलेला शेतकरी हप्ते चुकवत होता. सावकार आणि कर्ज देणाऱ्या कंपन्या न्यायालयात जात, आणि गहाण जमिनीचा शेरीफमार्फत लिलाव होई. १८९५मध्ये नॉरिस जिल्हा न्यायाधीश म्हणून निवडून आले, तेव्हा असे खटले त्यांच्यापुढे रोज येत. लिलाव झाला तरी न्यायाधीशानं तो कायम केल्याशिवाय विक्री पुरी होत नसे, अशी कायद्यात तरतूद होती. बहुतेक ठिकाणी ही निव्वळ सहीची बाब असे. नॉरिस यांनी ती तशी राहू दिली नाही. जमीन कवडीमोलानं गेली असेल, किंवा थोडी सवलत दिली तर हा शेतकरी कर्ज फेडू शकेल असं दिसत असेल, तर ते विक्री कायम करण्याचं लांबणीवर टाकत. यात त्यांनी कायदा मोडला नाही. कायद्यानं न्यायाधीशाला दिलेली मुभा शेतकऱ्याच्या बाजूनं वापरली, एवढंच. त्या सहीपाशी थांबल्यामुळे कितीतरी घरं वाचली. प्रक्रियेतल्या एका बारीक टप्प्यावर माणसाचं आयुष्य ठरतं, हे नॉरिस इथे शिकले आणि ते कधी विसरले नाहीत.

कॅनन यांची सत्ता मोडली तो दिवस

१९०२मध्ये ते प्रतिनिधिगृहावर निवडून आले. वॉशिंग्टनला पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की मतदारांनी निवडून दिलेल्या खासदाराला इथे फारशी किंमत नाही. सभापतींच्या मर्जीतला असेल तर त्याची कामं होतात, नाहीतर त्यानं गप्प बसावं. नॉरिस गप्प बसले नाहीत. त्यांच्यासारख्या बंडखोर रिपब्लिकनांचा एक गट हळूहळू जमू लागला. १९०८ची निवडणूक नॉरिस अवघ्या २२ मतांनी जिंकले, यावरून त्यांची वाट किती अवघड होती हे कळतं.

नियम समितीची रचना बदलण्याचा एक ठराव त्यांनी लिहून बरेच दिवस खिशात बाळगला होता. अडचण अशी की ठराव मांडायचा तर तो आधी नियम समितीकडे जाणार, आणि नियम समिती म्हणजे पुन्हा कॅननच. मग १९१०च्या मार्चमध्ये अनपेक्षितपणे दार उघडलं. जनगणनेविषयी एक प्रस्ताव सभागृहात आला. त्याच्या समर्थकांचा युक्तिवाद असा, की दर दहा वर्षांनी जनगणना करा असं खुद्द घटनाच सांगते, तेव्हा इतर सगळी कामं बाजूला ठेवून हा प्रस्ताव आधी घ्यावा. १७ मार्चला सभागृहानं हे मान्य केलं. नॉरिस लगेच उठले आणि म्हणाले की घटनेनं अग्रक्रम दिलेला एक ठराव मलाही मांडायचा आहे. सभापतींनी परवानगी दिली. जनगणनेसारखीच काहीतरी बाब असेल असं त्यांना वाटलं असावं. नॉरिस यांनी खिशातला कागद काढला.

त्यांचा तर्क बिनतोड होता. प्रत्येक सभागृह आपले नियम आपण ठरवील, असं घटनेच्या पहिल्याच कलमात म्हटलेलं आहे. जनगणना घटनेत आहे म्हणून तिला अग्रक्रम मिळत असेल, तर नियमही घटनेतच आहेत. मग नियम बदलण्याच्या ठरावाला तोच अग्रक्रम का नको? सभापतींच्या बाजूनं थोड्याच वेळापूर्वी जे गळी उतरवलं, तेच आता त्यांच्यावर उलटलं.

त्या दिवशी सेंट पॅट्रिकचा सण होता. कॅनन यांचे बरेच समर्थक सभागृहाबाहेर होते, म्हणून त्यांच्या गटानं वेळ काढायला सुरुवात केली. दुपार गेली, संध्याकाळ गेली, रात्रभर भाषणं चालू राहिली. गैरहजर सभासदांना शोधून आणायला शिपाई धाडले गेले. बाकांवर कुणी पेंगत होतं, कुणी लॉबीत कुजबुजत होतं, प्रेक्षक गॅलऱ्या मात्र भरलेल्या होत्या. डेमोक्रॅट पक्षाचे सभासद आणि चाळीसएक बंडखोर रिपब्लिकन जागचे हलले नाहीत. अखेर शनिवारी, १९ मार्चला, कॅनन यांनी ठराव नियमबाह्य असल्याचा निर्णय दिला. सभागृहानं तो निर्णय फिरवला आणि १९१ विरुद्ध १५६ मतांनी ठराव मंजूर केला. नियम समिती आता दहा जणांची झाली, तिचे सभासद सभागृह निवडू लागलं, आणि सभापतींना तिच्यात जागा उरली नाही. नॉरिस यांच्या मूळ मसुद्यात पंधरा जणांची समिती होती. डेमोक्रॅटांची साथ मिळावी म्हणून त्यांनी आकडा सोडला, पण गाभा सोडला नाही.

यानंतर जे घडलं त्यात नॉरिस यांचा खरा स्वभाव दिसतो. हरलेल्या कॅनन यांनी स्वतःच आव्हान दिलं की हवं तर सभापतिपद रिकामं झाल्याचं जाहीर करा. तसा प्रस्ताव लगेच आला, आणि नॉरिस यांनी त्याविरुद्ध मत दिलं. प्रस्ताव १५५ विरुद्ध १९२ मतांनी पडला. त्यांची लढाई कॅनन नावाच्या माणसाशी नव्हती. कॅनन यांच्या जागी दुसरा कुणी बसला असता आणि नियम तेच राहिले असते, तर त्यांच्या दृष्टीनं काहीच बदललं नसतं.

सहा जणांपैकी एक

१९१३मध्ये नॉरिस सिनेटमध्ये गेले आणि चार वर्षांतच त्यांच्यावर सर्वात कठीण प्रसंग आला. युरोपात महायुद्ध पेटलं होतं. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याची परवानगी देणारं विधेयक राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना हवं होतं. हे पाऊल देशाला थेट युद्धात लोटेल असं नॉरिस यांना वाटत होतं. त्यांच्यासह मोजक्या सिनेटरांनी ४ मार्च १९१७ला अधिवेशनाची मुदत संपेपर्यंत विधेयकाचं मतदान होऊ दिलं नाही. विल्सन कमालीचे संतापले, वर्तमानपत्रांनी या सिनेटरांना देशद्रोही ठरवलं. सिनेटमधली चर्चा दोन-तृतीयांश मतांनी बंद करण्याचा नियम त्याच महिन्यात आला, तो याच प्रकरणातून.

नेब्रास्कातही संताप होता. नॉरिस यांनी राज्यपालांना कळवलं की हवं तर खास निवडणूक घेऊन लोकांचा कौल घ्या, तो विरुद्ध गेला तर मी पद सोडतो. राज्यपालांनी नकार दिला. तेव्हा त्यांनी स्वतःच्या खर्चानं राजधानी लिंकनमधलं मोठं सभागृह भाड्यानं घेतलं. मित्रांनी जाऊ नका म्हणून विनवलं. व्यासपीठावर शेजारी बसायला एकही नामवंत पुढारी तयार झाला नाही. २६ मार्चच्या रात्री हजारोंच्या गर्दीपुढे नॉरिस एकटे चालत आले. काळा साधा कोट, गळ्यात बारीक टाय. तुम्हाला सत्य सांगायला मी घरी आलोय, अशा अर्थाचं पहिलं वाक्य त्यांनी उच्चारलं, आणि निषेधाच्या अपेक्षेनं शांत बसलेल्या त्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढारी आणि संपादक एक बोलत होते, गर्दीतला शेतकरी वेगळाच विचार करत होता.

४ एप्रिलला सिनेटमध्ये युद्ध जाहीर करण्याच्या ठरावावर मतदान झालं. बाजूनं ८२, विरुद्ध ६. त्या सहांत नॉरिस होते. कर्ज आणि दारूगोळा विकणाऱ्यांच्या नफ्यासाठी गरिबांची मुलं मरणार आहेत, असं त्यांनी उघड सांगितलं. युद्ध सुरू झाल्यावर मात्र सैन्याला लागेल ती मदत त्यांनी नाकारली नाही. पुढच्याच वर्षी, १९१८मध्ये, नेब्रास्कानं त्यांना पुन्हा निवडून दिलं.

नदी कुणाची?

अलाबामा राज्यात टेनेसी नदी मसल शोल्स या ठिकाणी खडकाळ उतारावरून वेगानं कोसळते. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी नायट्रेट हवं होतं, म्हणून सरकारनं तिथे मोठं धरण आणि कारखाने उभारायला घेतले. ते पुरे होण्याआधीच युद्ध संपलं. कोट्यवधी डॉलरचा हा पसारा आता कुणाच्या हवाली करायचा?

१९२१मध्ये हेन्री फोर्ड यांनी प्रस्ताव दिला. पन्नास लाख डॉलरला कारखाने विकत द्या आणि धरण शंभर वर्षांच्या भाडेपट्ट्यानं द्या, मी तिथे स्वस्त खत तयार करतो. मोटारीच्या राजाचं नाव ऐकून शेतकरी हरखले, प्रतिनिधिगृहानं १९२४मध्ये प्रस्ताव मंजूरही केला. नॉरिस तेव्हा सिनेटच्या शेती समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी आकडे मांडले, साक्षी घेतल्या आणि एकच मुद्दा लावून धरला : नदी लोकांची आहे, तिच्यातून निघणारी वीज लोकांची आहे, ती शंभर वर्षांसाठी एका माणसाच्या नावावर करता येणार नाही. अखेर फोर्ड यांनी प्रस्ताव मागे घेतला.

नुसता विरोध करून नॉरिस थांबले नाहीत. नदीचा विकास सरकारनंच करावा असं विधेयक त्यांनी पुन्हा पुन्हा आणलं. १९२८मध्ये ते दोन्ही गृहांत मंजूर झालं, तर राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी सही केली नाही. १९३१मध्ये पुन्हा मंजूर झालं, तर राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी नकाराधिकार वापरला. शेवटी १८ मे १९३३ रोजी नवे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या कायद्यावर सही केली. पूरनियंत्रण, जलवाहतूक, वीज आणि जमिनीची धूप थांबवणं ही सगळी कामं एकाच संस्थेनं एका खोऱ्यासाठी करायची, ही कल्पना तेव्हा नवी होती. या प्राधिकरणानं बांधलेलं पहिलं धरण क्लिंच नदीवरचं. २६५ फूट उंचीचं हे धरण १९३६मध्ये पुरं झालं, आणि त्याला नॉरिस यांचं नाव दिलं गेलं.

या यशाची किंमतही मोजली गेली. त्या एका धरणासाठी सुमारे २,९०० कुटुंबांना घरंदारं सोडावी लागली. पाच हजारांहून अधिक थडगी उकरून दुसरीकडे हलवावी लागली. धरणाच्या कामगारांसाठी वसवलेल्या नॉरिस गावात कृष्णवर्णीय कुटुंबांना घरं दिली गेली नाहीत. लोकांच्या मालकीची नदी म्हणताना त्या 'लोकां'त कोण येतं आणि कोण बाहेर राहतं, हा प्रश्न टेनेसी खोऱ्यानं अनुत्तरितच ठेवला.

खोऱ्याबाहेरच्या शेतकऱ्याचं काय? १९३५च्या सुमारास अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. दूरवरच्या चार घरांसाठी तारा ओढणं खासगी कंपन्यांना परवडत नव्हतं. १९३६मध्ये नॉरिस आणि टेक्सासचे खासदार सॅम रेबर्न यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा आणला. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना सरकारनं अल्प व्याजानं कर्ज द्यायचं आणि त्यांनी आपल्या तारा आपण ओढायच्या, अशी ती योजना. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या मराठी वाचकाला यातली ताकद वेगळी समजावून सांगायला नको.

टेनेसीचा धागा भारतापर्यंतही येतो. १९४३मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होतं आणि वीज व पाटबंधाऱ्यांचं नियोजनही त्याच खात्यात येत असे. खोरं म्हणजे एक घटक मानून पूर, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार करायचा, ही दिशा त्यांच्या काळात ठरली आणि त्यासाठी टेनेसी प्राधिकरणातल्या अभियंत्याची मदत घेतली गेली. १९४८मध्ये स्थापन झालेलं दामोदर खोरे महामंडळ त्याच नमुन्यावर उभं आहे.

तेरा महिन्यांची फट

नॉरिस यांना खटकणारी आणखी एक गोष्ट दिनदर्शिकेतली होती. अमेरिकेत निवडणूक नोव्हेंबरमध्ये होई, पण नव्या काँग्रेसची, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट यांची, मुदत ४ मार्चला सुरू होई, आणि तिचं नियमित अधिवेशन भरायचं थेट डिसेंबरमध्ये. म्हणजे निवडून आलेला खासदार कामाला लागेपर्यंत तेरा महिने उलटत. मधल्या काळात हरलेले सभासद कायदे करत राहत. घोड्यावरून राजधानी गाठायला आठवडे लागत, त्या काळातली ही सोय रेल्वे आणि तारायंत्राच्या युगात तशीच चालू होती. १९२२च्या निवडणुकीनंतर जहाज कंपन्यांना अनुदान देणारं विधेयक अशाच हरलेल्या सभासदांच्या मतांवर रेटण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा नॉरिस यांनी घटनादुरुस्तीचा मसुदा तयार केला.

सिनेटनं ती दुरुस्ती पुन्हा पुन्हा मंजूर केली, आणि प्रतिनिधिगृहातल्या पुढाऱ्यांनी दर वेळी ती अडवली. अखेर १९३२मध्ये दोन्ही गृहांची संमती मिळाली आणि जानेवारी १९३३मध्ये पुरेशा राज्यांनी ती स्वीकारली. त्याच हिवाळ्यात या दुरुस्तीची गरज सगळ्या देशाला दिसली. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हूवर हरले होते, विजयी रूझवेल्ट यांनी अजून सूत्रं हाती घेतली नव्हती, आणि मधल्या चार महिन्यांत बँकांमागून बँका बंद पडत गेल्या. विसाव्या घटनादुरुस्तीमुळे आता काँग्रेसची मुदत ३ जानेवारीला आणि राष्ट्राध्यक्षांची २० जानेवारीला सुरू होते.

१९३२चंच दुसरं काम म्हणजे नॉरिस–ला गार्डिया कायदा. कामगार संघटनेत जाणार नाही असं नोकरीच्या वेळीच लिहून घेण्याची तेव्हा पद्धत होती, आणि संप झाला की मालक न्यायालयातून मनाईहुकूम आणत. असे करार न्यायालयात टिकणार नाहीत आणि संघराज्याच्या न्यायालयांनी कामगारांच्या लढ्यात सहजासहजी मनाईहुकूम देऊ नयेत, असं या कायद्यानं ठरवलं. मनाईहुकूमाच्या एका कागदावर संप कसा मोडतो, हे न्यायासनावर बसलेल्या माणसाला चांगलंच ठाऊक होतं.

एकच सभागृह

असा माणूस पक्षाला नकोसा होणं साहजिक होतं. १९३०च्या प्राथमिक निवडणुकीत विरोधकांनी एक अजब डाव टाकला. ब्रोकन बो गावात किराणा दुकानात काम करणारा, नेमकं 'जॉर्ज डब्ल्यू. नॉरिस' हेच नाव असलेला एक माणूस त्यांनी उमेदवार म्हणून उभा केला. मतपत्रिकेवर एकाच नावाचे दोघे आले की मतदाराला खरा नॉरिस ओळखता येणार नाही, हा हेतू. पण अर्ज मुदतीनंतर पोचला म्हणून न्यायालयानं तो बाद केला. सिनेटच्या चौकशीत यामागचे पैसेही उघडे पडले.

आपल्याच राज्यात नॉरिस यांनी पुढे सर्वात धाडसी प्रयोग केला. दोन सभागृहांच्या विधिमंडळावर १९२३पासून ते टीका करत होते. त्यांचा आक्षेप दोन्ही गृहांचा मेळ घालणाऱ्या संयुक्त समितीवर होता. पाच-सहा जण बंद दाराआड बसतात, विधेयकाचं रूप पालटतात, आणि कुणी काय केलं हे मतदाराला कधीच कळत नाही. दोन गृहं असली की जबाबदारी एकमेकांवर ढकलता येते. एकच गृह ठेवा, सभासद कमी ठेवा, पक्षाचं नाव मतपत्रिकेवरून काढा, म्हणजे लपायला जागा उरणार नाही, असं ते सांगत. १९३४मध्ये सत्तरी ओलांडलेले नॉरिस मोटारीनं राज्यभर फिरले. नोव्हेंबरमध्ये २,८६,०८६ विरुद्ध १,९३,१५२ मतांनी लोकांनी हा बदल स्वीकारला. दोन गृहांतले मिळून १३३ सभासद गेले आणि जानेवारी १९३७मध्ये ४३ जणांचं एकच सभागृह बसलं. आज त्यात ४९ सभासद आहेत, आणि अमेरिकेच्या पन्नास राज्यांत असं विधिमंडळ असलेलं नेब्रास्का हे एकमेव राज्य आहे.

१९३६मध्ये नॉरिस अपक्ष म्हणून लढले आणि जिंकले. १९४२मध्ये मात्र एक्याऐंशीव्या वर्षी मतदारांनी त्यांना नाकारलं. ते नेब्रास्कातल्या मॅककुक या गावी आपल्या घरी परतले, आत्मचरित्र लिहून पुरं केलं, आणि २ सप्टेंबर १९४४ रोजी वारले. १९५७मध्ये जॉन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालची सिनेट समिती इतिहासातले पाच श्रेष्ठ सिनेटर निवडत होती. इतिहासाच्या अभ्यासकांची सर्वाधिक पसंती नॉरिस यांना होती. तरी त्यांचं नाव यादीत आलं नाही, कारण विरोध केला तो नेब्रास्काच्याच सिनेटरांनी.

नॉरिस यांच्या कामाचा हिशेब मांडला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. मसल शोल्सचा प्रश्न सुटायला बारा वर्षं लागली. घटनादुरुस्तीला दहा लागली. एकसदनी विधिमंडळाची कल्पना मांडल्यापासून लोकांनी ती स्वीकारेपर्यंत अकरा गेली. दर वेळी ते आधी हरले, मग पुन्हा तोच मसुदा घेऊन उभे राहिले. नियम बदलायला आंदोलनाचा जोश पुरत नाही. त्यासाठी नियम मुळापासून वाचावा लागतो, तो कुणाच्या सोयीचा आहे हे शोधावं लागतं, आणि टाळ्या मिळोत न मिळोत, दहा-दहा वर्षं त्याच्यामागे राहावं लागतं. असं काम करणाऱ्यांचे पुतळे कमी उभे राहतात. पण त्यांनी बदललेल्या नियमांखाली पुढच्या पिढ्या जगतात, आणि लोकशाही टिकते ती अशाच माणसांच्या जिवावर.